रंगाच्या आधी दोन खड्डे

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका मोठ्या गावातून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी मुख्य रस्त्यालगतचे चार खोल्यांचे जुने घर नोंदणीकृत खरेदीखताने विकत घेतले. पुढच्या दोन खोल्यांची जुडाई विटा-मातीची असून वर टिन आहे. मागच्या दोन खोल्या 1998 साली सिमेंटच्या जुडाईत बांधलेल्या असून वर स्लॅब आहे. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक, बँकेचे कर्मचारी आणि आरोग्य केंद्रातील परिचारिका यांना खोल्या भाड्याने द्याव्यात, असा त्यांचा विचार आहे. अडचण अशी की मागच्या कोपऱ्यात, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत खिडकीच्या कोनापासून तिरपी भेग गेली आहे. "चैत्र-वैशाखात त्या भेगेत पेन्सिल जाते आणि श्रावणात पोस्टकार्डही जात नाही," असे ते लिहितात. तीन ठेकेदारांनी घर पाहिले. एकाने चार लाखांत प्लास्टर, फरशी आणि रंग करून देतो असे सांगितले, दुसऱ्याने घर पाडून नवे बांधायला सांगितले आणि तिसऱ्याने स्लॅबवर आणखी दोन खोल्या चढवल्या तर भाडे दुप्पट होईल असे सुचवले. शिवाय शेजारचा शेतकरी घरामागच्या वावरातला दोन गुंठ्यांचा तुकडा द्यायला तयार आहे. कोणाचे ऐकावे, ठेकेदाराशी ठराव कसा करावा आणि तो तुकडा घ्यावा काय, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले पेन्सिल आणि पोस्टकार्डाचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण तिन्ही ठेकेदारांनी मिळून जे सांगितले त्यापेक्षा अधिक माहिती त्या एका वाक्यात आहे. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग ही भिंतीची नसते, ती भिंतीखालच्या जमिनीची असते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की प्लास्टरवाल्याला, पाडणाऱ्याला आणि माडी चढवणाऱ्याला, तिघांनाही सध्या थांबवावे आणि घराच्या पायाजवळ दोन खड्डे खणून घ्यावेत. दोन मजुरांच्या एका दिवसाच्या रोजीत हे काम होते, आणि तोवर चार लाखांतला एक रुपयाही भिंतीवर खर्च करू नये.

आपल्या भागातली काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकी घराला मानवत नाही. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळली की आकसते; मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. वावरात जे उघड दिसते तेच जोत्याखाली झाकलेले चालू असते. सगळी जमीन एकसारखी फुगली आणि एकसारखी बसली असती तर घराला फारसे काही झाले नसते. घर फाटते ते एक कोपरा ओला आणि बाकीचे कोरडे असल्यामुळे. आपल्या घरात न्हाणीघराच्या पाण्याने तो कोपरा बारमाही ओला राहत असणार. उन्हाळ्यात उरलेल्या घराखालची माती आकसून खाली बसते, हा कोपरा मात्र वरच राहतो आणि भिंत खिडकीच्या कोनातून, म्हणजे जिथे ती सर्वांत कमकुवत असते तिथून तडकते. पावसाळ्यात सगळीकडची माती फुगली की सगळे पुन्हा एका पातळीवर येते आणि पोस्टकार्ड जाईनासे होते. अशा भेगेत उन्हाळ्यात सिमेंट किंवा पुट्टी ठासून भरली की पावसाळ्यात तिला मिटायला जागा उरत नाही आणि भिंत दुसरीकडे नवी भेग काढते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, स्वतःच्या चुकीतून शिकलो. मीही ठेकेदारच; धंद्याच्या सुरुवातीच्या काळात मी एका घरमालकाचे तीन खोल्यांचे घर बांधले. पायातून निघालेली काळी माती बाहेर टाकायला बंडीचे भाडे लागणार आणि जोत्यात भरायला मुरूम विकत आणावा लागणार, हे दोन्ही खर्च वाचावेत म्हणून मी तीच माती जोत्यात दाबून भरली आणि वर फरशी बसवली. मालकाला ते स्वस्त पडले आणि त्याने माझे कौतुक केले. दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या खोलीतली फरशी पोळी फुगावी तशी मधोमध उचलली गेली आणि दार फरशीला घासून अर्धेच उघडू लागले. ती फरशी मी पदरच्या पैशाने उखडली, माती काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसाने ठोकला आणि पुन्हा फरशी बसवली. त्या कामात मजुरी तर गेलीच, शिवाय त्या गावातली पुढची दोन कामेही गेली.

आता खड्ड्यांविषयी. एक खड्डा भेग असलेल्या कोपऱ्याजवळ आणि दुसरा त्याच्या समोरच्या, कोरड्या कोपऱ्याजवळ, भिंतीपासून हातभर अंतरावर, दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब खणावा. भिंतीच्या अगदी बुडातून खणू नये आणि पायाखालची माती कोरू नये. पाया जिथे संपतो तिथे थांबून त्याची खोली टेपने मोजावी आणि मग खड्ड्याच्या भिंतीकडच्या नव्हे, तर बाहेरच्या अंगाला मुरूम लागेपर्यंत आणखी खाली जावे. पाहायचे ते एवढेच की पाया मुरमावर टेकला आहे की काळ्या मातीतच लटकला आहे. दारव्ह्याकडच्या जमिनीत कुठे चार फुटांवर मुरूम लागतो, तर नाल्याकाठी आठ-दहा फूट खणले तरी लागत नाही. एकाच गावाच्या दोन टोकांना हा फरक मी पाहिला आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या घराचा दाखला इथे कामाचा नाही. दोन्ही खड्ड्यांतली मूठभर माती हातात घेऊन वळून पाहावी. कोरड्या कोपऱ्यातली माती ढेकळासारखी फुटेल आणि न्हाणीघराकडच्या मातीची लाडवासारखी गोळी होईल, असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर दोष कुठे आहे हे आपल्या हातातच कळेल.

खड्डे बुजवल्यानंतर भेगेवर काचेच्या दोन पट्ट्या बसवाव्यात, एक वर आणि एक खाली. काच कापणाऱ्याकडून चार इंच लांब, इंचभर रुंद पट्ट्या आणाव्यात, भेगेच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टर खरवडून दोन टोकांना सिमेंटच्या गोळ्यांनी त्या पक्क्या कराव्यात आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहावी. भिंत हलली की काच तडकते. तडकल्याची तारीखही तिथेच लिहावी. ही युक्ती जुनी आहे आणि तिच्यात ठेकेदाराला काही कमावता येत नाही, म्हणून कदाचित ती आपल्याला कोणी सांगितली नसेल.

मृग लागायला आता फार दिवस नाहीत, आणि त्याआधी जे काम व्हायला हवे ते सगळे पाण्याच्या वाटेचे आहे. न्हाणीघराची मोरी आणि तिच्यातून निघणारा पाइप उघडून पाहावा. जुन्या घरांत सिमेंटचा किंवा मातीचा पाइप सांध्यातून फुटलेला असतो आणि पाणी नालीपर्यंत न पोहोचता जोत्याखालीच मुरते. तिथे पीव्हीसीचा नवा पाइप पुरेशा उतारावर टाकून तो घरापासून दूर नालीत सोडावा. घराच्या चारही बाजूंनी तीन फूट रुंदीचा पक्का पट्टा करून घ्यावा: खाली मुरूम ठोकून, वर काँक्रीट, आणि उतार बाहेरच्या बाजूला. पट्टा आणि भिंत यांच्यामधली फट डांबराने किंवा सीलंटने भरावी, नाहीतर सगळे पाणी नेमके त्याच फटीतून पायात उतरते. टिनाच्या कडेला पन्हळ लावून पाणी पाइपने खाली आणावे; आज ते पागोळ्यांनी भिंतीच्या बुडाशीच पडत असणार. भिंतीपासून आठ-दहा फुटांच्या आत मोठे झाड असेल तर तेही लिहून कळवावे, कारण झाडाची मुळे उन्हाळ्यात काळ्या मातीतले पाणी ओढतात आणि त्या बाजूची जमीन अधिकच बसते.

शौचालयाच्या शोषखड्ड्याबाबत एक गोष्ट अनेक जण विसरतात. काळी माती ओली झाली की पाणी शोषणे जवळजवळ थांबवते. उन्हाळ्यात उत्तम चालणारा शोषखड्डा ऑगस्टमध्ये तुंबतो आणि भाडेकरूचा पहिला फोन त्याच महिन्यात येतो. मुरमाच्या थरापर्यंत खोल नेलेला शोषखड्डा टिकतो. तो राहत्या भिंतीपासून वीस फूट आणि विहीर किंवा बोअरपासून साठ फूट तरी दूर असावा. जागा त्याहून लहान असेल तर आधी बोअरची जागा ठरवावी आणि मग शोषखड्ड्याची. उलट केले तर पुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो आणि तो पैशाने सुटत नाही.

माडी चढवण्याबद्दल मी स्पष्टच लिहितो: चढवू नये. बारा बाय दहा फुटांच्या एका खोलीवरचा पाच इंची स्लॅब एकटाच साधारण साडेतीन टनांचा होतो. त्यात भिंती, फरशी, पाण्याची टाकी आणि माणसे धरलेली नाहीत. मागच्या दोन खोल्यांना कॉलम नाहीत, सगळा भार विटांच्या भिंतीवर आहे आणि त्या भिंतीच्या एका कोपऱ्याने आपली अडचण आधीच बोलून दाखवली आहे. ज्या ठेकेदाराने पाया न पाहता दोन खोल्यांचे भाडे मोजून दाखवले, त्याला आपल्या भाड्यापेक्षा स्वतःच्या स्लॅबचे चौरस फूट अधिक दिसत असावेत. हे मी माझ्याच धंद्यातल्या माणसाविषयी लिहितो आहे आणि जबाबदारीने लिहितो आहे.

घर पाडण्याचा सल्लाही मला घाईचा वाटतो. दोन्ही खड्ड्यांत पाया काळ्या मातीतच लटकलेला निघाला आणि पाणी दूर केल्यावरही दिवाळीपर्यंत काच पुन्हा तडकत राहिली, तर तो विचार करावा. तेव्हाही पुढच्या खोल्या राहू देऊन फक्त मागचा भाग पाडता येईल. नवे काम मग मुरमापर्यंत पाया नेऊन, जोत्याच्या पातळीवर सळाखांचा बीम फिरवून आणि जोत्यात फक्त मुरूम भरून करावे. बहुतेक घरांत मात्र पाण्याची वाट बदलली की भेग एक-दोन वर्षांत थांबते, असा माझा अनुभव आहे. थांबलेली भेग भरणे हे मिस्त्रीचे एका दिवसाचे काम असते.

पुढच्या दोन खोल्या मला या घराचा उत्तम भाग वाटतात. विटा-मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात आतला गारवा धरून ठेवतात. फक्त त्यांच्यावर सिमेंटचे प्लास्टर चढवू नये. जमिनीतून वर चढणारी ओल मातीच्या जुडाईतून बाहेर पडायला वाट शोधते, सिमेंटचे प्लास्टर ती वाट बुजवते, आणि दोन पावसाळ्यांत भिंतीला लोणा, म्हणजे पांढरा क्षार, लागून प्लास्टर पापुद्र्यासारखे सुटू लागते. प्लास्टर आतून सुटले आहे काय हे बोटाच्या पेराने ठोकून कळते. पक्के असेल तर ठक्क वाजते, सुटले असेल तर रिकाम्या डब्यासारखे वाजते. सुटलेले तेवढे काढून चुन्याच्या मसाल्याने भरावे आणि वर चुन्याचाच हात द्यावा. टिनाचे हुक-नट आणि त्यांचे वॉशर बदलून घ्यावेत. टिनावर दगड ठेवून मेमधल्या वादळाला थोपवण्याची पद्धत भाडेकरूच्या लेकराबाळांसाठी धोक्याची आहे, ते दगड उतरवून टाकावेत. टिनाला वरून पांढरा रंग दिला आणि खाली साधे छत घेतले, तर दुपारच्या उकाड्यात जाणवेल एवढा फरक पडतो.

येथे मी कूलरविषयी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण विदर्भात भाड्याच्या खोलीचे जेवढे नुकसान कूलर करतो तेवढे पाऊसही करत नाही. मार्चअखेर भाडेकरू खिडकीत कूलर बसवतो. खिडकीत बसत नसेल तर गज वाकवतो, खाली विटा रचतो, बादलीने किंवा पाइपने पाणी भरतो आणि सांडलेले पाणी चार महिने त्याच भिंतीवरून ओघळत जोत्यात जाते. म्हणजे ज्या पाण्याला आपण मोरीतून बाहेर काढले ते खिडकीतून पुन्हा आत आले. म्हणून प्रत्येक खोलीची एक खिडकी कूलरची म्हणून मालकानेच ठरवावी; बाहेर लोखंडी अँगलचे भक्कम स्टँड, वर छज्जा किंवा टिनाची लहान उतरण, शेजारी पाण्याची तोटी आणि खाली सांडपाण्याचा पाइप थेट नालीपर्यंत द्यावा. हा खर्च एकदाच होतो, आणि उन्हाळ्यात खोली पाहायला आलेला माणूस तोटी आणि स्टँड पाहून भाड्याची घासाघीस कमी करतो.

कूलरचा दुसरा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. लोखंडी पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला दोन पिनचा जोड, या चार गोष्टी एकत्र आल्या की माणूस दगावतो. आपल्याकडच्या प्रत्येक उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. घरातले जुने वायरिंग पूर्ण बदलावे, प्रत्येक खोलीसाठी गळतीचा प्रवाह 30 मिलिअँपियरवर तोडणारा आरसीसीबी बसवावा, अर्थिंगचा खड्डा नव्याने करावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे. कूलरच्या खिडकीजवळ अर्थसह तीन पिनचा सॉकेट आणि स्विच हाताला येईल असा, पण पाण्यापासून दूर असावा. परवानाधारक वायरमनकडून हे काम करून घेऊन त्याचे बिल जपून ठेवावे.

कामाचे वेळापत्रक मजुरांच्या हंगामाप्रमाणे ठरवावे. मृगापासून पेरणी, मग निंदण, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि त्यानंतर संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी. या दिवसांत मिस्त्री मिळाला तरी हाताखाली रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया, मिळत नाहीत आणि काम रखडते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर मेमध्ये अर्धे गाव तेंदूपत्त्याला जाते. आपल्याकडे मोठ्या कामासाठी जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. उन्हाळ्यात काँक्रीट करावेच लागले तर पहाटे करावे आणि त्याच दिवशी सायंकाळपासून पाणी द्यावे. आजकाल मिळणारे बहुतेक सिमेंट राखमिश्रित असते. आपल्या उन्हात त्याला चौदा दिवस ओले ठेवायला हवे. स्लॅबवर मातीच्या आळ्या करून पाणी साठवावे, कॉलम आणि बीमला पोती गुंडाळावीत. पाणी मारण्याचे काम ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नये. सकाळ-संध्याकाळ आपण स्वतः उभे राहावे, निवृत्त माणसाला ते जमण्यासारखे आहे.

आता ठराव. आपल्यासारख्या कामासाठी मी मजुरीचाच ठराव सुचवीन, म्हणजे सामान मालकाचे आणि हात ठेकेदाराचे. सामानासह ठरवले की प्रत्येक पोत्यामागे संशय सुरू होतो. ठराव कागदावर असावा आणि त्यात दर कशाचा, मोजमाप कसे, छज्जा आणि जिना धरणार की नाही, सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) कोणाचे आणि वाढीव काम कोणत्या दराने, हे सगळे लिहिलेले असावे. वाद नेहमी न लिहिलेल्या छज्ज्यावरून होतो. इसारापोटी दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये. आपण दिलेला मोठा इसार ठेकेदार आदल्या मालकाच्या अडलेल्या कामात घालतो आणि आपले काम पुढच्या मालकाच्या इसाराची वाट पाहत बसते. या साखळीत मीही कधीकाळी होतो. पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत आणि शेवटचे दहा टक्के एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावेत. हे पहिल्याच दिवशी सांगितले तर प्रामाणिक ठेकेदार रागावत नाही.

सामान घेताना तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. सळाख चाळीस फुटी घेतली तर 12 मिलिमीटरची एक सळाख सुमारे 10.66 किलो आणि 8 मिलिमीटरची सुमारे 4.74 किलो भरायला हवी. नग मोजून वजनाशी ताडून पाहिले की सळाख बारीक आली असेल तर लगेच कळते. रेतीसाठी पाण्याच्या पारदर्शक बाटलीत अर्धी रेती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलवावे आणि तीन तास ठेवावे. रेतीवर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या बाराव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर ती गाडी परत पाठवावी. गाडीसोबत रॉयल्टीची पावती घ्यावी आणि जपून ठेवावी, नाहीतर महसूल खात्याची चौकशी आली की रेती टाकणारा सापडत नाही आणि रेती मात्र आपल्या दारात असते. सिमेंट पंधरा-वीस दिवसांना लागेल तेवढेच आणावे, भिंतीपासून दूर लाकडी फळ्यांवर रचावे. तीन महिने पडलेले पोते स्लॅबला वापरू नये.

मागच्या खोल्यांचा स्लॅब गळत असेल आणि त्याचे काम करून घेतले, तर स्लॅबवरच्या पाणी जाण्याच्या मोऱ्यांना बोळे घालून वर दोन इंच पाणी चोवीस तास उभे करावे आणि खालून छत पाहावे. ही चाचणी ठेकेदाराच्या समोर आणि पैसे देण्याआधी करावी.

भाड्याचा हिशेब करताना वर्षाचे बारा महिने धरू नयेत, दहाच धरावेत. बदल्या मे-जूनमध्ये होतात, तेव्हा एखादी खोली महिनाभर रिकामी राहते, आणि आणखी एका महिन्याचे भाडे तोटी, वायरिंग, शोषखड्डा यांत जाते. दहा महिन्यांच्या भाड्यावर व्यवहार परवडत नसेल तर तो व्यवहारच फसवा आहे असे समजावे. शासकीय कर्मचाऱ्यांना मुख्यालयी राहणे दाखवावे लागते, म्हणून काही जण खोली नावापुरती घेतात आणि रोज यवतमाळहून ये-जा करतात. भाडे मिळते, पण बंद खोलीतली गळती महिनोन्‌महिने कोणाला दिसत नाही. अशा खोलीची एक किल्ली आणि महिन्यातून एकदा पाहणी करण्याची अट करारात असावी.

करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हा कायदा प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही, तरीही आपण करार नोंदवावाच, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक खोलीला महावितरणचे वेगळे मीटर घेतले तर विजेच्या बिलावरून होणारी कटकट संपते. भाडे थकले म्हणून वीज-पाणी तोडण्याचा मोह मात्र कधीही होऊ देऊ नये. त्यात भाडेकरूची चूक मागे पडते आणि आपली पुढे येते. खोली देताना मीटरचा आकडा, तोट्या, खिडक्यांचे गज आणि भिंती यांचे फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवावेत.

मागच्या वावरातल्या तुकड्याचा मोह मी समजू शकतो, पण तो सध्या घेऊ नये. शेतजमिनीतल्या दोन गुंठ्यांची खरेदी आणि त्यावरचे बांधकाम हे तुकडेबंदी (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरची बंदी) आणि अकृषिक परवानगीच्या नियमांत अडकते, आणि हे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. आधी ताजा सातबारा काढून भोगवटादार वर्ग-1 आहे की वर्ग-2, हे पाहावे. वर्ग-2 असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही, आणि जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. स्टॅम्प पेपरवर लिहून दिले म्हणजे जमीन आपली झाली, असे सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हाही कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. आपल्या विकत घेतलेल्या घराबाबतही खरेदीखतासोबत मालमत्ता पत्रक नावावर झाले काय, हे भूमी अभिलेख कार्यालयात पाहून घ्यावे.

तूर्त खड्डे खणावेत आणि दोन्हींचे फोटो, टेप आत धरून, पाठवावेत. पाया किती फुटांवर संपतो आणि मुरूम किती फुटांवर लागतो, एवढे दोन आकडे मला कळले की मागच्या खोल्यांबाबत पुढचे लिहिता येईल. खड्डे मात्र त्याच दिवशी बुजवून घ्यावेत आणि भरताना काढलेली काळी माती परत न टाकता मुरूम टाकावा. रात्रभर उघडा राहिलेल्या खड्ड्यात शेजाऱ्याची म्हैस उतरली तर तिला काढताना पायाचीही माती ढासळेल.